शीर्षकाची ओळ जागेवर राहावी म्हणून : लिबरऑफिस कॅल्कमधील क्रमवारीचे परीक्षण

आमच्या वाचनालयाची सभासद-यादी आडनावांच्या क्रमाने लावली, तेव्हा ‘सभासदाचे नाव’ हे शब्द सप्रे आणि समेळ या दोन आडनावांच्या मधोमध जाऊन बसले. त्या दिवशी ते कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण ४१२ सभासदांच्या यादीत ती ओळ बरीच खाली गेली होती आणि आमचे सगळ्यांचे लक्ष वरच्या पानावर होते. काही आठवड्यांनी मदतीला येणाऱ्या एका स्वयंसेवकाला ती ओळ दिसली. चुकून शिरलेला मजकूर समजून त्याने ती पुसून टाकली. पुढच्या वेळी क्रमवारी लावताना पहिली ओळ शीर्षकाची आहे असे धरले गेले, आणि त्या पहिल्या ओळीत आता एका खऱ्या सभासदाचे नाव होते. ते नाव तिथेच चिकटून राहिले. वर्गणी थकलेल्यांना पत्रे छापली, तेव्हाही पहिली ओळ रकान्यांची नावे म्हणूनच वाचली गेली. परिणामी कित्येक वर्षे नियमाने पुस्तके नेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना वर्गणीची आठवण करून देणारे पत्र गेलेच नाही, आणि मुदत संपल्यावर त्यांना पुस्तक नाकारण्याची वेळ आमच्यावर आली. गुरुजी काही बोलले नाहीत. ते नुसते परत गेले, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

हे घडले तेव्हा आम्ही संगणकावर दुसरा एक कार्यक्रम (सॉफ्टवेअर) वापरत होतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण चूक आमच्या पद्धतीत होती. पण त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली, की वाचनालयासाठी जो कार्यक्रम निवडायचा तो आलेख किती सुंदर काढतो यावरून निवडायचा नाही, तर शीर्षकाची ओळ कोणती आणि माहिती कुठून सुरू होते हे त्याला एकदाच स्पष्ट सांगून ठेवता येते का, यावरून निवडायचा. लिबरऑफिसमधील कॅल्क हा तक्ते करण्याचा कार्यक्रम आम्ही गेली सहा वर्षे वापरतो आहोत, आणि हे परीक्षण त्याच्या या एकाच अंगाचे आहे.

कॅल्क विनामूल्य आणि मुक्त स्रोताचा कार्यक्रम आहे. ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळे होऊन २०१० साली सुरू झालेल्या लिबरऑफिस प्रकल्पाचा तो भाग आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. आमच्यासारख्या संस्थेला त्याच्या हजाराव्या भागाचीही गरज पडत नाही. म्हणजे मापाचा प्रश्न इथे नाहीच, प्रश्न आहे तो भरवशाचा.

क्रमवारी लावण्याचे दोन मार्ग सगळ्यांना माहीत असतात. एक म्हणजे वरच्या पट्टीवरची चढत्या आणि उतरत्या क्रमाची दोन बटणे, आणि दुसरा म्हणजे डेटा या मेनूतील सॉर्ट ही खिडकी. बटण काही विचारत नाही. आपण ज्या चौकोनात उभे असतो त्याच्या भोवतालची सलग भरलेली जागा तो कार्यक्रम स्वतः शोधतो, त्यातील पहिली ओळ शीर्षकाची आहे की नाही याचा अंदाज बांधतो आणि काम करून मोकळा होतो. हा अंदाज कशावर बांधला जातो हे एकदा समजून घेतले, की तो कधी फसेल हे आधीच सांगता येते. पहिल्या ओळीत सर्वत्र मजकूर आहे आणि तिच्या खालच्या ओळीत कुठे तरी संख्या किंवा तारीख आहे, तर पहिली ओळ शीर्षकाची, असे ते साधे तर्कशास्त्र आहे. सभासद क्रमांक, नाव, अनामत रक्कम आणि वर्गणीची तारीख असे रकाने असतील तर हा अंदाज बरोबर येतो. मात्र नाव, पत्ता, गाव आणि सभासदाचा वर्ग एवढेच रकाने असतील, तर वरपासून खालपर्यंत सगळाच मजकूर असतो, अंदाजाला धरायला काहीच उरत नाही, आणि शीर्षकाची ओळही इतर ओळींसारखीच माहिती समजली जाण्याची शक्यता असते. उलट बाजूने पाहिले तर शीर्षकातच संख्या आली की अंदाज बिघडतो. वर्षवार वर्गणीच्या तक्त्यात रकान्यांच्या डोक्यावर २०२२, २०२३, २०२४ असे आकडे संख्या म्हणून लिहिलेले असले, तर ती ओळ शीर्षकासारखी दिसत नाही. त्याऐवजी ‘सन २०२४’ किंवा ‘२०२४-२५’ असे लिहिले की तो मजकूर ठरतो आणि अडचण टळते.

म्हणून नोंदवहीसारख्या कामासाठी ती दोन बटणे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉर्टच्या खिडकीत एक चौकोनी खूण असते, जी निवडलेल्या भागात रकान्यांची शीर्षके आहेत की नाहीत हे ठरवते. जुन्या आवृत्त्यांत ती पर्यायांच्या दुसऱ्या पानावर आहे, त्यामुळे ती पाहायला मुद्दाम तिकडे जावे लागते. पण खूण न शोधताही खात्री करून घेण्याचा एक सोपा उपाय आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी दाखवतो. कोणत्या रकान्यानुसार क्रम लावायचा हे विचारणारी जी यादी उघडते, तिच्यात जर ‘नाव’, ‘गाव’, ‘वर्गणी’ असे आपलेच शब्द दिसत असतील, तर शीर्षकाची ओळ ओळखली गेली आहे. तिथे नुसतेच ‘कॉलम ए’, ‘कॉलम बी’ असे दिसत असेल, तर ती ओळ माहितीत धरली गेली आहे आणि ओके दाबले की ती हलणार. याउलट यादीत एखाद्या सभासदाचेच नाव दिसले, तर शीर्षक हरवले आहे आणि एक माणूस त्याच्या जागी अडकला आहे. गुरुजींच्या बाबतीत त्या यादीकडे कोणी दोन क्षण पाहिले असते तरी पुरेसे झाले असते.

खरी गुंतागुंत आपल्याकडच्या तक्त्यांच्या रचनेत आहे. आपल्या संस्थांच्या नोंदवह्या कागदावरून संगणकावर आल्या, त्या कागदाचेच रूप घेऊन आल्या. सर्वांत वर संस्थेचे नाव, त्याखाली ‘सभासद नोंदवही, सन २०२४-२५’, मग एखादी रिकामी ओळ, मग दोन मजली शीर्षक, ज्यात ‘वर्गणी’ हा शब्द तीन रकान्यांवर पसरलेला आणि त्याच्या खाली ‘येणे’, ‘जमा’, ‘बाकी’ असे तीन छोटे शब्द. त्याच्याही खाली सरकारी नमुन्यांतून आलेली, रकान्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक देणारी ओळ. आणि सर्वांत शेवटी ‘एकूण’. माणसाला हा तक्ता एका नजरेत कळतो. क्रमवारी लावणाऱ्या कार्यक्रमाला मात्र शीर्षकाची फक्त एकच ओळ कळते, आणि ती निवडलेल्या भागाची पहिली ओळ असते.

यातील रकाना-क्रमांकांची ओळ सर्वांत फसवी आहे. तिच्यात संख्या असल्यामुळे तिच्या वरची ओळ शीर्षक म्हणून बरोबर ओळखली जाते, आणि म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. पण ती स्वतः माहितीत मोजली जाते. चढत्या क्रमात कॅल्क संख्या आधी आणि मजकूर नंतर ठेवते. त्यामुळे नावांनुसार क्रम लावला की ही ओळ वरच राहते आणि चूक दिसत नाही, पण उतरता क्रम लावताच ती सगळ्या सभासदांच्या खाली जाऊन बसते. आणि ‘बाकी’ या सातव्या रकान्यानुसार क्रम लावला, तर सात रुपये बाकी असलेला एक निनावी सभासद असावा तशी ती थकबाकीदारांच्या मधोमध उभी राहते. आम्ही ही ओळ काढूनच टाकली. वार्षिक अहवालासोबत जो छापील नमुना द्यावा लागतो, त्यासाठी वेगळे पान केले आहे आणि तिथे ती ओळ आहे.

एकत्र जोडलेले चौकोन हा दुसरा अडथळा. निवडलेल्या भागात असे चौकोन आले, तर कॅल्क क्रमवारी लावत नाही. जोडलेले चौकोन असलेला भाग फॉरमॅटविनाच लावता येईल, असे सांगून थांबते. अनेकांना हा संदेश त्रासदायक वाटतो. मला तो कॅल्कचा चांगुलपणा वाटतो, कारण मुकाट्याने चुकीचे काम करण्यापेक्षा थांबून विचारणे केव्हाही बरे. दोन मजली शीर्षक ठेवायचेच असेल, तर वरचा मजला निवडीच्या बाहेर ठेवावा आणि निवड खालच्या मजल्यापासून सुरू करावी. त्यासाठी खालच्या मजल्यावरचा प्रत्येक शब्द स्वतःपुरता पूर्ण हवा. नुसते ‘जमा’ न लिहिता ‘वर्गणी जमा’ असे लिहावे. खालच्या ओळीतील एकही चौकोन रिकामा ठेवू नये.

आता ज्या सोयीमुळे मी कॅल्कच्या बाजूने उभा आहे, तिच्याकडे येतो. डेटा मेनूमध्ये डिफाइन रेंज नावाची खिडकी आहे. आपला तक्ता शीर्षकाच्या ओळीपासून निवडायचा, त्याला एक नाव द्यायचे, आणि या भागात रकान्यांची शीर्षके आहेत अशी खूण करून ठेवायची. एवढे केले की अंदाजाचा प्रश्न संपतो. पुढे कधीही त्या तक्त्याच्या कोणत्याही चौकोनात उभे राहून सॉर्टची खिडकी उघडली, तर कॅल्क आपण नोंदवलेली मर्यादा आणि आपण केलेली खूण वापरते, आणि ही नोंद कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस प्रकारच्या फाइलमध्ये तक्त्यासोबतच जतन होते. आमच्या वाचनालयात आठवड्यातून निदान तीन वेगवेगळी माणसे ही फाइल उघडतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला शीर्षकाचे तर्कशास्त्र समजावून सांगणे शक्य नाही. एकदा तक्त्यालाच ते सांगून ठेवणे शक्य आहे. मात्र सीएसव्हीमध्ये जतन केले तर यातले काहीच टिकत नाही, कारण त्या फाइलमध्ये केवळ मजकूर असतो.

या सोयीला एक मर्यादा आहे आणि ती माहीत नसेल तर नवी चूक होते. नोंदवलेल्या भागाच्या मध्ये ओळ घातली तर तो भाग वाढतो. पण शेवटच्या ओळीच्या खाली नवे नाव लिहीत गेलो, तर ते आपोआप आत येईल अशा भरवशावर राहू नये. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि टी दाबून तयार केलेल्या टेबलाला खाली जोडून लिहिलेली ओळ आपसूक आत घेता येते, आणि या बाबतीत एक्सेल सरस आहे हे मान्य केले पाहिजे. आम्ही यावर उपाय म्हणून भागाची मर्यादाच ६०० व्या ओळीपर्यंत ठेवली आहे. क्रम चढता असो वा उतरता, कॅल्क रिकामे चौकोन नेहमी शेवटीच ठेवते, त्यामुळे खालच्या रिकाम्या ओळी कधी वर येत नाहीत आणि नव्या सभासदांना जागा मिळते. ‘एकूण’ची ओळ आम्ही खालून उचलून शीर्षकाच्या वर, एक रिकामी ओळ सोडून ठेवली. हिशेबनीस काकांना सुरुवातीला ते विचित्र वाटले, कारण बेरीज खालीच असते अशी त्यांची आयुष्यभराची सवय. पण बेरीज पाहायला आता पान खाली सरकवावे लागत नाही, म्हणून तेच आता तशीच रचना इतर तक्त्यांतही मागतात.

गूगल शीट्सबद्दल थोडक्यात. तिथे वरची ओळ गोठवून ठेवली, की संपूर्ण पानाची क्रमवारी लावताना ती हलत नाही, आणि ही फार सोपी व समजण्यासारखी पद्धत आहे. पण तीच सवय घेऊन कॅल्कमध्ये येणाऱ्यांनी सावध राहावे. कॅल्कमध्ये ओळ गोठवणे म्हणजे पान सरकवताना ती डोळ्यांसमोर राहणे, एवढेच. क्रमवारीशी त्याचा संबंध नाही.

शीर्षक सांभाळले तरी तारखांनी आमची एकदा फजिती केली होती, आणि त्याचाही उगम नोंदवहीच्या सवयीतच होता. आपण हाताने तारीख लिहिताना १२.०४.२०२४ अशी मध्ये टिंब देऊन लिहितो. भारतीय इंग्रजी मांडणीत तिरकी रेघ असलेली तारीख तारीख म्हणून ओळखली जाते, टिंबांची मात्र मजकूर ठरू शकते. आणि मजकूर ठरली की महिना-वर्षाकडे न पाहता पहिल्या अक्षरापासून क्रम लागतो, म्हणजे मे महिन्याची १ तारीख आधीच्या वर्षीच्या २ जानेवारीच्याही वर येते. हे ओळखण्यासाठी कॅल्कमध्ये एक उत्तम साधन आहे. कंट्रोल आणि एफ८ दाबले की मजकूर काळा, संख्या आणि तारखा निळ्या आणि सूत्रे हिरवी दिसतात. तारखेच्या रकान्यात काळा चौकोन दिसला की तो दुरुस्त करायचा. बरेच असतील तर रकाना निवडून डेटा मेनूतील टेक्स्ट टू कॉलम्समध्ये दिवस-महिना-वर्ष हा प्रकार द्यायचा, म्हणजे सगळ्या एकदम बदलतात. त्याच रंगांवरून शीर्षकाबद्दलही आगाऊ कळते, कारण शीर्षकाची ओळ पूर्ण काळी आणि खालची ओळ काही ठिकाणी निळी असेल तर अंदाज बरोबर येणार हे दिसतेच.

मराठी नावांच्या क्रमाबद्दल वाचकांना उत्सुकता असेल. सॉर्टच्या खिडकीत भाषा निवडता येते, आणि हा पर्याय दुर्लक्षून चालणार नाही, कारण युनिकोड या संगणकातील अक्षरांच्या संकेततक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या दरम्यान आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात, याबद्दल आपल्या याद्यांमध्येही एकवाक्यता नाही. म्हणून ज्यांना काटेकोर क्रम हवा आहे त्यांनी क्षीरसागर, काळे आणि ज्ञानेश्वर अशी चार-पाच नावे वेगळ्या पानावर लिहून, भाषा निवडून, आधी पडताळा घ्यावा. नावाच्या आधी ‘श्री.’ आणि ‘सौ.’ लिहिण्याची आपली आदराची रीत आहे, पण तिला वेगळा रकाना द्यावा, नाही तर निम्मी यादी ‘श’खाली आणि निम्मी ‘स’खाली जाते. आणखी एक गोष्ट जुन्या याद्यांची. युनिकोडपूर्व काळातील टंकांमध्ये टंकलेली यादी पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि कोणताही कार्यक्रम त्या संकेतांनुसारच क्रम लावणार. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय तिला हात लावू नये.

सभासदांचे आश्रयदाते, आजीव, साधारण आणि बाल असे वर्ग असतात, आणि ते अकारविल्हे न लावता याच मानाच्या क्रमाने हवे असतात. कॅल्कच्या पर्यायांत सॉर्ट लिस्ट्स या ठिकाणी आपली यादी एकदा लिहून ठेवली, की हा क्रम वापरता येतो. हे लहानसे साधन आहे, पण वार्षिक सभेच्या आधीची आमची एक संध्याकाळ त्याने वाचवली.

अनुक्रमांकाच्या रकान्याचे काय करावे, हा प्रश्न मला इतर वाचनालयांतील मंडळीही विचारतात. अ. क्र. ही जागेची संख्या आहे, माणसाची नव्हे. ती हाताने लिहिली असेल तर क्रमवारीनंतर १७, ३, २०४ अशी विस्कटते, आणि मग कोणीतरी फक्त तेवढाच रकाना निवडून पुन्हा सरळ करायला जाते. तो क्षण धोक्याचा आहे. अशा वेळी कॅल्क विचारते, की शेजारीही माहिती आहे, निवड वाढवायची की एवढाच भाग लावायचा. आणि नावांच्या रकान्याबाबत तिथे चुकीचे उत्तर दिले तर एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर जाते. अ. क्र.साठी ओळीचा क्रमांक सांगणारे रो हे सूत्र वापरावे आणि त्यातून शीर्षकापर्यंतच्या ओळी वजा कराव्यात, म्हणजे कोणताही क्रम लावला तरी १, २, ३ जागेवर राहतात. सभासद क्रमांक मात्र सूत्राने कधीच काढू नये. तो माणसासोबत फिरला पाहिजे, आणि चुकीची क्रमवारी जतन होऊन फाइल बंद झाल्यावर, म्हणजे मागे घेण्याची सोय उरलेली नसताना, मूळ क्रमावर परत जाण्याचा तोच एक रस्ता असतो. ज्यांना मूळ यादीला हातच लावायचा नाही, त्यांच्यासाठी निकाल दुसऱ्या जागी उतरवण्याचा पर्याय त्याच खिडकीत आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २४.८ या आवृत्तीपासून सॉर्ट नावाचे सूत्रही मिळाले आहे, ज्याला फक्त माहितीच्या ओळी द्यायच्या आणि शीर्षक वर हाताने लिहायचे; त्यात शीर्षक हलण्याचा संभवच नाही.

इतक्या चांगल्या कार्यक्रमात माझी एकच मोठी तक्रार उरते. शीर्षक आहे की नाही एवढेच तो विचारतो. किती ओळींचे आहे, हे विचारत नाही. डिफाइन रेंजच्या खिडकीत एका लहान चौकोनात २ किंवा ३ असा आकडा लिहिण्याची सोय झाली, तर शाळांचे निकालपत्रक, सोसायट्यांची देखभाल-खर्चाची वही आणि ग्रामपंचायतीचे कर-मागणीचे तक्ते, जे सगळे दोन-तीन मजली शीर्षकांचेच असतात, ते जसेच्या तसे वापरता येतील. तोपर्यंत वरचा मजला निवडीच्या बाहेर ठेवून आमचे काम चालू आहे. मार्चअखेरची थकबाकीची यादी यंदाही अशीच लावली. पत्रे छापण्याआधी पहिली ओळ कोणाची आहे हे ग्रंथपालांनी आणि मी दोघांनी पाहिले, आणि गुरुजींचे पत्र मी स्वतः नेऊन दिले.